गावातून सर्व्हर सांभाळताना : कॉन्फिग फाइल कशी वापरायची, कुठे थांबायचे

सर्व्हर यवतमाळला एखाद्या पतसंस्थेच्या मागच्या खोलीत असतो आणि तो सांभाळणारे तुम्ही दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबला. कुणाचा सर्व्हर नागपूरच्या ऑफिसात असतो, तर कुणी नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला. गावी राहून हे काम करणारी मुले-मुली दोन प्रश्न हमखास विचारतात. सर्व्हर हँग झाला की दर वेळी गाडी काढून बटण दाबायला जायचे का, हा पहिला. दुसरा त्याहून अडचणीचा असतो : मित्राकडून आणलेली कॉन्फिग फाइल टाकली आणि कंट्रोलरच दिसेनासा झाला, आता काय करायचे?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे : जावे लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाची वेळच येऊ नये, यासाठी हा लेख आहे.

एक सूचना आधीच करतो. इथे कमांडची आणि सेटिंगची नावे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत, आणि आकडेही इंग्रजीच.

हा कंट्रोलर म्हणजे नेमके काय

सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. डेलच्या पॉवरएजमध्ये तो आयड्रॅक, एचपीईच्या प्रोलायंटमध्ये आयएलओ आणि लेनोव्होमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर म्हणून ओळखला जातो. सुपरमायक्रोवाले त्याला नुसते आयपीएमआय म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबलमध्ये वीज आहे तोवर हा चालू असतो. त्याचा आयपी पत्ता वेगळा आणि लॉगिनही वेगळे. त्यातून सर्व्हर चालू-बंद करता येतो, पंखे आणि तापमान बघता येते, कोणती डिस्क खराब झाली ते कळते आणि योग्य लायसन्स असेल तर सर्व्हरचा स्क्रीनही तुमच्या लॅपटॉपवर दिसतो.

ज्याच्या हाती कंट्रोलर, त्याच्या हाती सर्व्हर. विंडोज किंवा लिनक्सचा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी कंट्रोलरमध्ये शिरलेला माणूस मशीन बंद करू शकतो, दुसरी डिस्क जोडून त्यावरून बूट करू शकतो. म्हणून त्याची मांडणी अंदाजाने करू नये.

एकच सर्व्हर असेल तरी फाइल का

वेब पानावर क्लिक करतही सगळे सेट करता येते आणि एका सर्व्हरला तेच पुरे, असे बहुतेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. क्लिक करून केलेल्या कामाची नोंद कुठे राहत नाही. आठ महिन्यांनी मदरबोर्ड बदलावा लागला की आयपी काय होता, अलर्ट कुठे जात होते, कोणते खाते बंद केले होते, हे सगळे आठवणीवर सोडावे लागते. फाइल असेल तर ती नव्या बोर्डावर टाकली की बरेचसे काम झाले.

मोठ्या ठिकाणी तर याला पर्यायच नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या परम रुद्र महासंगणकांचे उद्घाटन झाले. त्यातला पुण्याचा संगणक खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामाला जोडलेला आहे. त्यांचे रुद्र सर्व्हर सी-डॅकने देशातच घडवले. असे नोड रांगेने उभे असताना एकेकाच्या पानावर जाऊन आकडे भरणे शक्य नसते. तुमच्या एका सर्व्हरलाही हीच शिस्त उपयोगी पडते.

तुमच्या मशीनला कोणती फाइल चालते

- डेल : सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल. एक्सएमएल किंवा जेसन स्वरूपात. रॅकॅडम या टूलच्या 'गेट' कमांडने ती काढायची आणि 'सेट'ने टाकायची. फार जुन्या ड्रॅकमध्ये साधी मजकूर-फाइल असे : गटाचे नाव चौकटी कंसात, खाली नाव=किंमत अशा ओळी, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नाही, आणि # ने सुरू होणारी ओळ म्हणजे फक्त टीप.
- एचपीई : एचपीऑनसीएफजी हे टूल आणि रिबकल नावाची एक्सएमएल फाइल. नव्या पिढ्यांसाठी आयएलओरेस्ट वापरा. नवे काम रिबकलवर उभारू नका.
- सुपरमायक्रो : त्यांचे सम नावाचे टूल कंट्रोलरची सेटिंग एक्सएमएल फाइलमध्ये काढून देते आणि परत टाकते.
- लेनोव्हो : वनसीएलआय. त्यात कॉन्फिग सेव्ह आणि रिस्टोअर अशा दोन कमांड.
- कोणत्याही कंपनीचे, आयपीएमआय हे जुने मानक पाळणारे मशीन : लिनक्सवरचे फ्रीआयपीएमआय. त्यातल्या कॉन्फिग टूलला तीन कामे येतात : चेकआउट म्हणजे फाइल काढणे, डिफ म्हणजे फरक दाखवणे, कमिट म्हणजे टाकणे. जुन्या, सेकंडहँड मशीनसाठी हे फार कामाचे आहे आणि फुकट आहे.

याशिवाय रेडफिश आहे. डीएमटीएफ या संस्थेने २०१५ मध्ये आणलेले हे मानक सगळ्या मोठ्या कंपन्या पाळतात. नवीन मशीन घेत असाल तर पुढच्या स्क्रिप्ट रेडफिशवरच लिहा. आयपीएमआयची दुसरी आवृत्ती २००४ ची आहे आणि तिच्यातल्या त्रुटी आता दुरुस्त होणाऱ्या नाहीत.

सुरुवातीला कागदावर काय लिहून घ्यावे

फाइल उघडण्याच्या आधी एका पानावर दोन याद्या करा. एका यादीत सगळ्या सर्व्हरना सारखे असणारे लिहा : वेळेचा सर्व्हर, अलर्टचा ईमेल, लॉग कुठे पाठवायचे, कोणत्या सेवा बंद. दुसरीत फक्त या एका मशीनचे : आयपी, गेटवे, यजमान-नाव, सर्व्हिस टॅग, कंट्रोलरची वायर कोणत्या पोर्टात आहे. गोंधळ होतो तो या दोन याद्या एकाच फाइलमध्ये कोंबल्याने. पहिल्या सर्व्हरची फाइल दुसऱ्यावर टाकली की दोघांना एकच आयपी मिळतो आणि मग दोन्ही कधी दिसतात, कधी गायब होतात. सामायिक गोष्टींची फाइल वेगळी आणि मशीनची छोटी फाइल वेगळी, अशी सवय लावा.

पायऱ्या

१. फर्मवेअर तपासा. कंट्रोलरचे फर्मवेअर आधी अद्ययावत करा, मग फाइल काढा. जुन्या आवृत्तीवर काढलेल्या फाइलमधली काही नावे नव्या आवृत्तीला ओळखू येत नाहीत. मग काम 'चुकांसह पूर्ण' झाले असा शेरा येतो आणि नेमके काय राहिले ते शोधत बसावे लागते.

२. आहे तशी फाइल काढून ठेवा. एकही अक्षर न बदलता, तारीख टाकून, दोन ठिकाणी. मागे फिरायचे झाले तर हीच वाट.

३. हवा तेवढाच भाग काढा. डेलमध्ये संपूर्ण प्रोफाइलमध्ये बायोस, रेड, नेटवर्क कार्ड सगळेच येते. तुम्हाला कंट्रोलर सेट करायचा आहे, तर 'सी' पर्यायाने फक्त आयड्रॅकचा घटक मागा.

४. बदलायच्या ओळी सोडून बाकी काढून टाका. हजारभर ओळींच्या फाइलमध्ये चूक दिसत नाही, तीस ओळींच्या फाइलमध्ये दिसते. एक्सएमएलमध्ये ज्या ओळी टीप म्हणून झाकलेल्या असतात त्या लागू होत नाहीत. हवी ती ओळ उघडी केली का, हे बघा. 'मी तर पासवर्ड भरला होता' या तक्रारीमागे बहुतेक वेळा झाकलेली ओळच असते.

५. आधी प्रिव्ह्यू. रॅकॅडमला आणि रेडफिशलाही आयात न करता नुसती तपासणी करता येते. फ्रीआयपीएमआयमध्ये तेच काम डिफ करते. ही पायरी गाळू नका.

६. नेटवर्क सोडून बाकी सगळे टाका. खाती, वेळ, अलर्ट, सेवा. आयड्रॅकच्या स्वतःच्या सेटिंगसाठी सर्व्हर सहसा रीबूट करावा लागत नाही. बायोस किंवा रेड बदलले तर लागतो.

७. नव्या खात्याने लॉगिन करून बघा. जुने सत्र उघडे ठेवून दुसऱ्या ब्राउझरमध्ये. चालले तरच पुढे.

८. नेटवर्क शेवटी, एकटे. आयपी, व्हीलॅन आणि पोर्टची निवड हे तीन बदल असे आहेत की ते लागू होताच तुमचे सत्र तुटते. त्यांची फाइल वेगळी ठेवा आणि टाकण्याआधी सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉपने शिरता येते का, ते पाहून घ्या. याचे कारण पुढे येईल.

९. पुन्हा फाइल काढा आणि ताडून पहा. तुम्ही टाकलेली आणि आता निघालेली फाइल यांच्यात फरक दाखवणारे टूल चालवा. 'यशस्वी' हा शेरा वाचून थांबू नका.

अनेक सर्व्हर असतील तर सगळे एकावर करून, एक दिवस जाऊ देऊन, मग बाकीच्यांवर करा.

लोक फसतात त्या जागा

सगळ्यात मोठा धोका आधी सांगतो, कारण यात डेटा जातो. डेलची फाइल तीन प्रकारे काढता येते : साधी, क्लोन आणि रिप्लेस. क्लोन प्रकारची फाइल दुसऱ्या मशीनवर टाकली तर तिथले जे आहे ते पुसून नवे बसवण्याची ताकद तिच्यात असते. रेडच्या भागात 'रेड रीसेट कॉन्फिग' नावाची ओळ आहे. ती 'ट्रू' होऊन लागू झाली की डिस्कची रचना मोडते. साध्या प्रकारात अशा ओळी झाकलेल्या असतात. कुणाकडून आणलेली फाइल टाकण्याआधी तिच्यात 'रेड' हा शब्द शोधा. सापडला आणि तुम्हाला फक्त कंट्रोलर सेट करायचा असेल, तर तो सगळा भाग कापून टाका. पतसंस्थेची खाती, शाळेचे निकाल, दवाखान्याच्या नोंदी असलेल्या डिस्कवर असला प्रयोग होता कामा नये.

खात्यांचे क्रमांक. आयड्रॅकमध्ये सोळा वापरकर्त्यांच्या जागा आहेत. पहिली राखीव, दुसऱ्या जागेवर मूळचा रूट. फाइलमध्ये तिसऱ्या जागेवर तुमचे नाव लिहिले आणि त्या मशीनवर तिसऱ्या जागेवर आधीच दुसरे कुणी असेल, तर ते खाते गेले. आधी यादी बघा, मग मोकळी जागा निवडा.

पासवर्डची लांबी. आयपीएमआय दुसऱ्या आवृत्तीत पासवर्ड वीस अक्षरांपलीकडे जात नाही. त्याहून लांब दिला तर वेबवर लॉगिन होते आणि आयपीएमआयच्या टूलमधून होत नाही, अशी विचित्र परिस्थिती येऊ शकते.

पोर्टची निवड. कंट्रोलरला स्वतःचा स्वतंत्र पोर्ट असतो, किंवा तो सर्व्हरच्याच एका लॅन पोर्टात भागीदारी करतो. वायर स्वतंत्र पोर्टात आणि फाइलमध्ये भागीदारीची निवड, असे झाले की आयपी अगदी बरोबर असूनही कंट्रोलर सापडत नाही. फाइल पाठवण्याआधी तिथल्या माणसाकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा.

एडिटर. वर्डमध्ये फाइल उघडू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतो आणि एक्सएमएल तिथेच मोडते. साधा मजकूर एडिटर वापरा. आपल्याकडची खास चूक म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहणे. आयपीत एक मराठी आकडा गेला तर माणसाला तो सहज दिसत नाही, मशीन मात्र पूर्ण ओळ नाकारते. टिपा मराठीत लिहायच्या असतील तर वेगळ्या वहीत किंवा वेगळ्या फाइलमध्ये लिहा.

पासवर्ड असलेली फाइल. रिबकलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. डेलच्या साध्या निर्यातीत तो ताऱ्यांनी झाकून येतो, पण तुम्ही तो भरला की तुमच्या लॅपटॉपवरची फाइल म्हणजे त्या सर्व्हरची किल्लीच. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, गिटहबवर चढवू नका. अन्सिबल वापरत असाल तर त्याच्या व्हॉल्टमध्ये ठेवा. नसाल तर कूटबद्ध झिप करा आणि तिचा पासवर्ड फोनवर सांगा.

लाईट आणि नेट

आपल्या भागात या दोन गोष्टी मांडणीचा अर्धा भाग ठरवतात, म्हणून जरा सविस्तर.

लाईट गेली आणि यूपीएसही संपला, तर कंट्रोलर बंद पडतो. वीज परत आली की तो आधी उठतो. त्याला उठायला काही मिनिटे लागतात. सर्व्हरने मग काय करायचे, हे बायोसमधली 'एसी पॉवर रिकव्हरी' ठरवते : बंद राहायचे, चालू व्हायचे किंवा आधी जसे होते तसे व्हायचे. गावातून सांभाळायच्या मशीनसाठी 'आधी जसे होते तसे' हा पर्याय योग्य. तो 'बंद' असेल तर दर भारनियमनानंतर तुम्हालाच लॉगिन करून मशीन चालू करावे लागेल. एका खोलीत तीन-चार सर्व्हर असतील तर चालू होण्यात थोडा विलंब ठेवा, प्रत्येकाला वेगळा, म्हणजे वीज येताच सगळ्यांचा भार एकदम यूपीएसवर पडत नाही. डेलमध्ये हे सेटिंग प्रोफाइलच्या बायोस भागात येते, म्हणून ही फाइल वेगळी ठेवा आणि रीबूटची वेळ आधी ठरवून टाका. लाईट वारंवार जाणाऱ्या जागी कंट्रोलर आणि त्याच्यापुढचा स्विच व राउटर, हे सगळे यूपीएसवर हवेत. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर भिंतीतल्या सॉकेटवर, अशी जोडणी फार ठिकाणी असते. मग लाईट जाताच सर्व्हर चालू राहतो आणि तुम्हाला तो दिसत नाही.

नेटचे म्हणाल तर फाइल छोटी असते, सहसा एक एमबीपेक्षाही कमी, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही काम होते. अडचण नेट मध्येच तुटण्याची आहे. डेलमध्ये आयात सुरू झाली की जॉब क्रमांक मिळतो. तो मिळाल्यावर काम कंट्रोलर स्वतः पूर्ण करतो, तुमचे नेट गेले तरी फरक पडत नाही. परत आल्यावर जॉबची रांग बघायची. तो मिळण्याआधी नेट गेले तर काहीच झाले नाही असे धरून पुन्हा तपासा. एचपीऑनसीएफजी सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममधूनच चालवता येते; लिनक्सवर ते टीमक्ससारख्या सत्रात चालवा, म्हणजे तुमची एसएसएच तुटली तरी काम थांबत नाही.

कंट्रोलरचा ग्राफिक स्क्रीन मंद नेटवर फार रखडतो. लिनक्स सर्व्हर असेल तर सिरीयल ओव्हर लॅन चालू करून ठेवा. त्यात फक्त अक्षरे येतात, टूजीसारख्या वेगावरही काम करता येते. हे चालू करण्याची ओळ फाइलमध्ये आजच टाका. गरज पडेल तेव्हा टाकायला सवड नसते.

कंट्रोलर इंटरनेटवर उघडा ठेवू नका

फायबर जोडणीत बहुतेकांना सार्वजनिक आयपी मिळत नाही, म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करण्याची धडपड सुरू होते. ती करू नका. वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा आणि कंट्रोलर त्याच्या आतच ठेवा. कारण दोन उदाहरणांत दिसेल. २०१८ मध्ये जंगलसेक नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने उघड्या आयपीएमआयमधून सर्व्हरमध्ये शिरकाव केला. २०२५ मध्ये एएमआय मेगारॅक या फर्मवेअरमध्ये लॉगिन न करताच आत शिरता येणारी त्रुटी उघड झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-५४०८५ आणि तीव्रता दहापैकी दहा. मेगारॅक एकाहून जास्त कंपन्यांच्या मशीनमध्ये असते.

फाइलमध्ये या गोष्टी असल्याच पाहिजेत :

- कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला. जुन्या डेलचा रूट आणि केल्व्हिन, जुन्या सुपरमायक्रोचा ॲडमिन-ॲडमिन, लेनोव्होचा यूजरआयडी आणि शून्य घातलेला पासवर्ड, हे सगळ्या जगाला पाठ आहेत. अनेक नव्या मशीनवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड टॅगवर छापलेला असतो. त्या टॅगचा फोटो काढून ठेवा.
- आयपीएमआय ओव्हर लॅन बंद, गरज नसेल तर. त्याचा पोर्ट ६२३. या पद्धतीत कंट्रोलर लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश देऊन टाकतो, आणि कमजोर पासवर्ड त्यावरून घरी बसून शोधता येतो.
- टेलनेट बंद. एसएनएमपीचा मूळ 'पब्लिक' हा शब्द बदललेला.
- वेळ. एनआयसीचे समय१ आणि समय२ किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर. वेळ चुकली तर लॉग वाचून काहीच कळत नाही.
- लॉग बाहेर पाठवण्याची सोय. कंट्रोलरची स्वतःची नोंदवही लहान असते, ती भरून जाते. काही मशीनवर यासाठी वरचे लायसन्स लागते.

सगळे पक्के झाले की नवव्या पिढीच्या आयड्रॅकवर लॉकडाऊन मोड चालू करता येतो. तो असताना कुणी चुकून फाइल टाकली तरी लागू होत नाही. पुढच्या वेळी बदल करायचा असेल तेव्हा तो आधी काढायला विसरू नका. 'फाइल जातच नाही' याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

कंट्रोलर दिसेनासा झाला तर

घाबरून सर्व्हर बंद करू नका. पुढच्या क्रमाने जा.

१. पाच-दहा मिनिटे थांबा. नेटवर्क बदलले की काही कंट्रोलर स्वतः पुन्हा सुरू होतात.

२. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरा. आठव्या पायरीत हेच तपासायला सांगितले होते. आतून कंट्रोलरशी बोलायला लॅन लागत नाही : डेलवर रॅकॅडम, एचपीईवर एचपीऑनसीएफजी, बाकीच्यांवर आयपीएमआयटूल. एचपीऑनसीएफजी आतून चालवताना आयएलओचा पासवर्डही माहीत असावा लागत नाही. जुनी फाइल परत टाका.

३. तिथे कुणी असेल तर आधी वायर तपासून घ्या, मग स्वतंत्र पोर्टात लॅपटॉप थेट जोडायला सांगा. डेलचा मूळ आयपी १९२.१६८.०.१२०. नव्या पॉवरएजच्या समोरच्या बाजूला आयड्रॅक डायरेक्ट नावाचा यूएसबी पोर्ट असतो. तिथे लॅपटॉप जोडला की ब्राउझरमध्ये १६९.२५४.०.३ वर आयड्रॅक उघडतो.

४. आयड्रॅक अडकलाच असेल तर समोरचे ओळख-बटण पंधरा सेकंदांहून जास्त दाबून धरले की तो पुन्हा सुरू होतो. सर्व्हर चालूच राहतो, सेटिंग जात नाहीत.

५. हे सगळे फसले तरच रीबूट करून सेटअपमध्ये शिरायचे किंवा मूळ स्थितीवर आणायचे. मूळ स्थितीवर आणले की खातीही जातात, म्हणून दुसऱ्या पायरीत काढलेली फाइल हाताशी ठेवा.

विकत, भाड्याने किंवा एएमसीवर : तुमचे हक्क

सेकंडहँड घेताना लायसन्स कोणते, हे बिलावर लिहून घ्या. आयड्रॅकवर स्क्रीन बघायला एंटरप्राइझ किंवा त्यावरचे लायसन्स लागते. प्रोलायंट रॅक सर्व्हरवर ॲडव्हान्स्ड लायसन्स नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर स्क्रीन बंद होतो. डेलच्या सर्व्हिस टॅगची मालकी तुमच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची खाती राहिलेली असू शकतात, म्हणून मूळ स्थितीवर आणूनच फाइल टाका.

मशीन सांगितल्यापेक्षा वेगळे निघाले तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी तुम्ही स्वतः वापरता ती वस्तू बसते. अशी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगात करता येते, दुकान मुंबईचे असले तरी. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल आणि लायसन्सबद्दलचा लेखी मजकूर नसेल तर मात्र तक्रार कमजोर पडते.

भाड्याने घेताना तीन प्रश्न ईमेलवर विचारा : कंट्रोलरवर मला पूर्ण अधिकार मिळेल की फक्त चालू-बंद, माझ्याशिवाय त्यावर कुणाचे खाते राहील, मी सोडल्यावर तो मूळ स्थितीवर कोण आणेल.

एएमसीवाल्याकडून करून घेताना करारात स्पष्ट वाक्य हवे की अंतिम कॉन्फिग फाइल आणि प्रशासकाचे खाते संस्थेच्या ताब्यात राहील. तोंडी ठरलेले पुढे कुणी मान्य करत नाही. करार संपल्यावरही आधीचा तंत्रज्ञ परवानगीशिवाय शिरला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ लागू होते आणि भरपाई मागता येते. बेइमानीने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरपाईचा दावा पाच कोटींपर्यंत असेल तर तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. पैशांची फसवणूक असेल तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

तुमच्यावरची जबाबदारी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्या, सेवा देणारे, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांनी नमूद प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात, आणि लॉग १८० दिवस भारतात जपायचे असतात. वर फाइलमध्ये वेळ आणि लॉगच्या ओळी सांगितल्या त्यामागे हेही कारण आहे. सर्ट-इनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९.

काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा दिवस आला की हा क्रम ठेवा : नव्या माणसाचे खाते फाइलमधून टाका, त्याला स्वतः लॉगिन करून दाखवायला सांगा, मग तुमचे खाते बंद करणारी फाइल त्यालाच टाकू द्या, आणि शेवटी ताजी निर्यात काढून तारखेसह संस्थेकडे सही घेऊन द्या.